सापळा, मंजुरी आणि आंब्याची पट्टी

लाचेच्या बातमीत सरकारी वकील नसतो. तलाठी पकडला, नोटा जप्त झाल्या, हात धुतलेलं पाणी गुलाबी झालं, की बातमी संपते. वकिलाचं काम तिथून पुढे सुरू होतं आणि ते बरंचसं कंटाळवाणं असतं. तारखा जुळवायच्या, सह्या कुणाच्या आहेत ते बघायचं, पंच आता कुठल्या तालुक्यात बदलून गेलाय ते शोधायचं. वक्तृत्व शेवटी लागतं आणि तेही थोडंच. आरोपी सुटतो तेव्हा दोष साक्षीदाराच्या माथी मारला जातो, पण फाईल उलटी वाचत गेलं तर कारण बहुधा दोषारोपपत्राच्या आधीच्या एखाद्या कागदात सापडतं. म्हणून हे सगळं कागदाच्या बाजूने लिहितोय.

आधी माणसं वेगळी करू. लोक ज्यांना सरसकट 'सरकारी वकील' म्हणतात ते दोन निराळे संच आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. त्यांची निवड लोकसेवा आयोगातून होते, त्यासाठी कायद्याची पदवी आणि पाच वर्षांची वकिली लागते आणि नोकरी कायम असते. हे लोक एकेकाळी पोलीस खात्याच्या अधिपत्याखाली होते. १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो संबंध तोडायला लावला. सत्र न्यायालयात मात्र जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील असतात. किमान सात वर्षं वकिली केलेल्यांतून शासन त्यांना ठरावीक मुदतीसाठी नेमतं. विशेष सरकारी वकील व्हायला दहा वर्षं लागतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे खटले विशेष न्यायाधीशापुढे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर चालतात. त्यामुळे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला लाचेचे खटले चालवायचे असतील तर वाट दुसऱ्या संचातून जाते. पहिल्या संचातून येणाऱ्यांना फसवणूक, अपहार आणि बनावट दस्तांचे खटले भरपूर मिळतात. माझ्या मते या शाखेची खरी शाळा तीच. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), रोजकीर्द आणि खतावणी या हिशोबाच्या वह्या वाचता येणारा वकील पुढे लाचेच्या खटल्यात अडत नाही. उलट्या क्रमाने आलेला अडतो.

आता सापळा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या ठाणे परिक्षेत्रात येतात, तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रारदार आला की लगेच नोटांना पावडर लावत नाहीत. आधी मागणीची पडताळणी होते. दुसऱ्या खात्यातले दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून बोलावतात, तक्रारदाराकडे डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर देतात आणि पंच क्रमांक १ ला सोबत पाठवतात. 'आलोसे', म्हणजे विभागाच्या भाषेत आरोपी लोकसेवक, त्याने स्वतःच्या तोंडाने रक्कम मागितली का, एवढंच त्यात बघायचं असतं. मागणी सिद्ध होत नसेल तर नोटा खिशात सापडून उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. जयराज (२०१४) आणि सत्यनारायण मूर्ती (२०१५) या निकालांत स्पष्ट केलंय. तरीही पडताळणी पंचनामा हा फाईलमधला सर्वांत घाईत लिहिलेला कागद असतो.

तो वाचताना चार गोष्टी बघाव्यात. पंच क्रमांक १ संभाषणाच्या वेळी नेमका कुठे उभा होता? 'सोबत होता' एवढ्याने भागत नाही. तलाठी कार्यालय बहुधा एक-दोन खोल्यांचं असतं, आत साहेब, दारात चार माणसं, आणि पंच पडवीत. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो: 'तुम्हाला आतलं बोलणं ऐकू आलं का?' दुसरी गोष्ट वेळेची. रेकॉर्डरचं घड्याळ बॅटरी बदलल्यावर मागे जातं आणि मग ध्वनिफितीवर एक तारीख आणि पंचनाम्यात दुसरी येते. सुरुवातीलाच रेकॉर्डरची वेळ आणि मनगटावरची वेळ दोन्ही लिहून फरक नोंदवला की हा वाद तिथेच मिटतो. तिसरी, काम खरोखर आलोसेकडे प्रलंबित होतं का? फेरफाराच्या प्रकरणात हे फार महत्त्वाचं. तलाठी नोंद घालतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सापळ्याच्या आधीच नोंद प्रमाणित झाली असेल तर बचाव पक्ष विचारणार, 'मग लाच कशासाठी?' काम आपल्या हातात नसतानाही पैसे घेतले तरी गुन्हा होतोच, पण न्यायाधीशाला गोष्ट पटायला हवी. म्हणून ई-फेरफार प्रणालीत नोंद कधी घातली, नोटीस कधी निघाली, कुणाच्या लॉगिनवर ती थांबली होती, याचा उतारा तहसील कार्यालयाकडून प्रमाणित करून घ्यावा. तपास अधिकारी बहुतेकदा नुसता अर्जाची झेरॉक्स जोडतो. चौथी गोष्ट भाषेची. बोलणं मालवणीत किंवा संगमेश्वरी बोलीत असेल तर लिप्यंतर त्याच बोलीत, शब्दाला शब्द हवं. हवालदाराने ते 'शुद्ध' करून लिहिलं की फीत आणि कागद यांत तफावत पडते, आणि तो कागद बचावाच्या कामी येतो.

पावडरचं म्हणाल तर महाराष्ट्रात दोन पद्धती चालत आल्या आहेत. अँथ्रासिन लावलेली नोट अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. फिनॉल्फ्थेलिन लावली असेल तर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं. सापळ्याआधी पंचांना याचं प्रात्यक्षिक दाखवतात, नोटांचे क्रमांक लिहून घेतात, आणि पावडर लावलेल्या नोटा तक्रारदाराच्या रिकाम्या केलेल्या खिशात ठेवतात. 'मागितल्याशिवाय हात लावायचा नाही' ही सूचना पंचनाम्यात यावी लागते. ज्याने पावडर लावली त्याने हात धुवून कार्यालयातच थांबायचं असतं. तोच माणूस नंतर धावत जाऊन आलोसेचा हात धरत असेल तर पावडर कुणाकडून कुणाला लागली हे सांगणं कठीण होतं. उजव्या हाताचं पाणी, डाव्या हाताचं, खिशाचं, आणि कुठेही न वापरलेलं कोरं द्रावण, अशा वेगवेगळ्या बाटल्या भरून त्यांवर पंचांच्या सह्यांची लेबलं आणि लाखेचं सील लावतात. कोरी बाटली विसरणं ही नेहमीची चूक. दुसरं असं की फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग टिकाऊ नसतो. अल्कली जास्त असेल किंवा बाटलीत हवा जात असेल तर रंग उडतो, आणि साक्षीच्या दिवशी कोर्टात पांढरंस्वच्छ पाणी निघतं. घाबरण्याचं कारण नाही. कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल रंगावर नाही, रसायनावर आधारलेला असतो. फक्त तपास अधिकाऱ्याच्या सरतपासणीत, म्हणजे त्याला आपण प्रश्न विचारतो तेव्हा, हे आपणहून विचारून घ्यावं, बचावाने दाखवून देण्याची वाट बघू नये.

कोकणातल्या सापळ्याची एक अडचण घाटावर इतकी जाणवत नाही. एका सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, तीन-चार गावं, तलाठ्याचा बसण्याचा वार ठरलेला, आणि तो वार चुकला की जागा बदलते. कार्यालयाऐवजी एसटी स्टँडसमोरचं हॉटेल, नाहीतर रस्त्यावर मोटरसायकलवर. जागा बदलली की पंचनाम्यातला नकाशा, अंतरं, कोण कुठे दबा धरून होतं, सगळं नव्याने लिहावं लागतं. हे लॅपटॉपवर जुन्या पंचनाम्याच्या साच्यात भरलं की 'कार्यालयाच्या खिडकीतून इशारा दिसला' असं वाक्य चहाच्या टपरीच्या पंचनाम्यात राहून जातं. मोबाइल टॉवरच्या लोकेशनवर इथे भिस्त ठेवू नये. डोंगराळ भागात एक टॉवर पाच-सहा वाड्या सांभाळतो, त्यावरून माणूस कार्यालयात होता असं म्हणता येत नाही. कॉल झाला होता एवढंच सिद्ध होतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

पैसे आलोसे स्वतः न घेता कुणा खाजगी इसमाच्या हातात द्यायला सांगतो, हे आता नेहमीचं झालंय. झेरॉक्सवाला, एजंट, कार्यालयात बिनपगारी बसणारा मदतनीस. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाचेच्या कलम ७ मध्येच तिसऱ्या व्यक्तीमार्फत घेतलेला लाभ येतो, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण पुराव्याची. 'त्याच्याकडे द्या' हे वाक्य फितीत हवं किंवा पंचाने ऐकलेलं हवं. नसेल तर खाजगी इसम अडकतो आणि साहेब सुटतो.

ही दुरुस्ती २६ जुलै २०१८ पासून लागू आहे आणि त्या तारखेकडे डोळ्यात तेल घालून बघावं. त्याआधीच्या गुन्ह्यात जुनी कलमं, म्हणजे ७ आणि १३(१)(ड). त्यानंतरच्या सापळ्यात फक्त कलम ७, शिक्षा तीन ते सात वर्षं. जुन्या साच्यातून दोषारोपाचा मसुदा केला की रद्द झालेलं १३(१)(ड) अजून डोकावतं. तसंच १ जुलै २०२४ चं. त्या दिवसापासून नव्या फौजदारी संहिता आल्या, पण आधीच्या अपहाराला आणि फसवणुकीला भारतीय दंड संहितेचं ४०९ आणि ४२० च लागतं. ध्वनिफितीच्या प्रमाणपत्राचंही तेच. आधीपासून चालू असलेल्या खटल्यात जुन्या साक्ष कायद्याच्या ६५ब चं प्रमाणपत्र, नव्यात भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश मूल्य, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लिहायचं. भाग ब कोराच राहिलेली दोषारोपपत्रं येतात. असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (१४ जुलै २०२०) या, आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या निकालाने पक्कं केलं. त्याच निकालात सोयही आहे. प्रमाणपत्र नंतर हजर करायला कोर्ट परवानगी देऊ शकतं, आणि मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर त्याची गरज नाही. म्हणून मूळ मेमरी कार्ड सीलबंद मुद्देमालात आहे का, की नुसती सीडी आहे, हे पहिल्याच वाचनात बघून ठेवावं. आवाजाचा नमुना द्यायला आरोपीने नकार दिला तर दंडाधिकारी तो द्यायला लावू शकतात. रितेश सिन्हा (२०१९) निकालाने ते मान्य केलं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ते आता लिहिलेलंच आहे.

मग मंजुरी, म्हणजे लोकसेवकावर खटला भरायला लागणारी परवानगी. माझ्या मते लाचेच्या खटल्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महागडा कागद. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली, ज्याला त्या लोकसेवकाला नोकरीतून काढून टाकण्याचा अधिकार आहे त्यानेच ती द्यायची असते. तीन महिन्यांत, आणि कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एक महिना. व्यवहारात काय होतं? विभाग मसुदा मंजुरी आदेशासकट फाईल पाठवतो, वरचा अधिकारी मसुद्यावरच सही करतो. मग साक्षीला आल्यावर त्याला विचारतात, 'ध्वनिफितीचं लिप्यंतर तुम्ही वाचलं होतं का?' तो म्हणतो, 'माझ्याकडे आलं नव्हतं.' संपलं असं नाही, कारण कलम १९(३) प्रमाणे मंजुरीतल्या चुकीने न्यायाचा घात झाला हे आरोपीला दाखवावं लागतं. पण मंजुरी देणारा मुळात सक्षमच नसेल तर? नंजाप्पा (२०१५) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा खटल्यातली कारवाईच अवैध ठरते. पुन्हा नव्याने मंजुरी घेऊन सुरुवात करायची, तोवर तक्रारदार म्हातारा होतो.

उपाय साधा आहे. आलोसेचं सेवापुस्तक आणि मूळ नेमणूक आदेश मागवा, त्यावर कुणाची सही आहे ते बघा. त्यानंतर पदोन्नती झाली असेल तर तो आदेशही बघा. जिल्हा परिषद, महसूल, भूमी अभिलेख, महावितरण, प्रत्येकाची शिडी वेगळी आहे, आणि जिल्हाधिकारी सगळ्यांचे वरिष्ठ असतात हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. मंजुरी देणाऱ्याकडे काय काय कागद पाठवले त्याची पानांच्या क्रमांकासह यादी पोहोचपावतीवर घ्या. सरतपासणीत तीच यादी निशाणी, म्हणजे कोर्टाचा क्रमांक पडलेला पुरावा, म्हणून शाबीत केली की वरचा प्रश्न येतच नाही.

मंजुरीच्या कायद्याला कोकणाचा एक ठळक संदर्भ आहे. रायगडच्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्रिपदावरून १९८२ मध्ये पायउतार झाले. त्यांच्यावरच्या खाजगी फिर्यादीत प्रश्न असा होता की ते अजून आमदार आहेत, मग मंजुरी लागते का. १९८४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद कोर्टाने खटल्याची दखल घेताना सुटलेलं असेल तर मंजुरी नको. पुढची तीन दशकं हा नियम निवृत्तांना लागत राहिला. २०१८ च्या दुरुस्तीने तो फिरवला आणि गुन्ह्याच्या वेळी पदावर असलेल्या निवृत्तालाही संरक्षण दिलं. त्यामुळे 'साहेब तर रिटायर झाले, मंजुरी कशाला' हे आता चालत नाही. दुरुस्तीचं १७अ हे कलम मात्र वेगळं. ते अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्याआधीच्या पूर्वपरवानगीचं आहे, आणि रंगेहाथ पकडण्याच्या प्रकरणाला ते लागत नाही.

कोर्टातल्या दिवसाबद्दल एकच आग्रह. तक्रारदाराची सरतपासणी झाली त्याच दिवशी उलटतपासणी व्हायला हवी. बचावाने तारीख मागितली तर लेखी विरोध करा आणि विनोद कुमार विरुद्ध पंजाब (२०१५) पुढे ठेवा. त्यात सापळ्याच्या खटल्यात मधली लांब तारीख दिल्याने साक्षीदार कसा उलटला याचीच चर्चा आहे. आपल्याकडे दोन्ही बाजू एकाच गावच्या असतात. शिमग्याची पालखी एकाच मांडावर नाचते, आणि गणपतीला मुंबईहून आलेला भाऊ 'कशाला वैर घेतोस' म्हणून समजावतो. मधली तारीख मे महिन्याच्या सुट्टीपलीकडे गेली तर साक्षीदार बदललेला असतो. तरीही तक्रारदार फितूर झाला म्हणून हात टेकायचे नाहीत. नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ ला निर्वाळा दिला की तक्रारदार वारला, फितूर झाला किंवा मिळालाच नाही तरी मागणी आणि स्वीकार इतर पुराव्याने, परिस्थितिजन्य पुरावा धरून, सिद्ध करता येतात. म्हणजे भार पंच क्रमांक १ वर येतो. तो सरकारी नोकर, तोवर दोनदा बदली झालेला. समन्स जुन्या कार्यालयातून 'येथे कार्यरत नाही' शेरा मारून परत येतं. पंचनाम्याच्या दिवशीच त्याचा सेवार्थ क्रमांक लिहून ठेवला तर पगार कुठून निघतो ते कळतं आणि माणूस सापडतो.

तक्रारदारांसाठी एक आडवी गोष्ट. पहिला हप्ता देऊन झालाय म्हणून तक्रार करायला लोक घाबरतात, कारण २०१८ नंतर देणाराही गुन्हेगार आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ८ नीट वाचा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर ते कलम लागत नाही. आधी कळवून सापळ्यात दिलेले पैसे तर त्यात येतच नाहीत.

आता अपसंपदा, म्हणजे ज्ञात उत्पन्नाच्या मानाने जास्त मालमत्ता. हे काम मला सापळ्यापेक्षा जास्त आवडतं, कारण इथे साक्षीदार फितूर होऊन फार बिघडत नाही, आकडे तेच राहतात. सूत्र सरळ आहे: कालावधीच्या शेवटची मालमत्ता, वजा सुरुवातीची मालमत्ता, अधिक खर्च, वजा ज्ञात उत्पन्न. समजा सुरुवातीला ८ लाख, शेवटी ७४ लाख, खर्च २२ लाख आणि उत्पन्न ६० लाख. मालमत्तेत वाढ ६६, त्यात खर्च २२ मिळवून ८८, त्यातून ६० गेले, राहिले २८ लाख. उत्पन्नाच्या सुमारे ४७ टक्के. कृष्णानंद अग्निहोत्री (१९७७) निकालापासून दहा टक्क्यांच्या आतला फरक सोडून देण्याची रीत आहे. त्यामुळे बचावाचं सगळं बळ 'उत्पन्न' या रकान्यात भर घालण्यावर लागतं, आणि कोकणात ती भर एकाच ठिकाणाहून येते. हापूस.

'वडिलोपार्जित बाग आहे, वर्षाला सहा लाख येतात.' हे वाक्य ऐकलं की सातबारा काढायचा. आधी मालकी बघायची. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-बावीस सामायिक खातेदार ही साधी गोष्ट आहे. आरोपीचा हिस्सा एक अष्टमांश आणि उत्पन्न मात्र अख्ख्या बागेचं दाखवलेलं. भाऊबंदांचे जबाब घेतले की हिस्सा बाहेर येतो, कारण आपल्या वाटणीचं दुसऱ्याच्या नावावर गेलेलं कुणालाच सहन होत नाही. मग झाडं मोजायची. दहा मीटरच्या अंतराने हेक्टरी १०० कलमं बसतात. वीस गुंठ्यांत दोनशे कलमं कशी उभी राहिली, हे आरोपीने सांगावं. कलमांचं वय बघायचं, कारण लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी कुठे फळ धरायला लागतं. पुढे, हापूस एका वर्षाआड नीट धरतो. दहा वर्षं ओळीने सारखंच उत्पन्न दाखवणारा तक्ता बागेत फिरलेल्या माणसाने केलेला नसतो. पीक पाहणीचा उतारा घ्यायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर शेतकरी स्वतः नोंदवतो, त्याआधीची तलाठ्याची नोंद गाव नमुना बारात असते.

आणि पट्टी. वाशीच्या बाजारात माल गेला असेल तर दलालाची पट्टी येतेच: पेट्या किती, भाव काय, भाडं, हमाली वजा जाऊन हातात किती. छाप्यानंतर तयार केलेल्या पट्ट्या ओळखता येतात. क्रमांक सलग असतात, वर्षं वेगवेगळी असून शाई एक, आणि नोव्हेंबरच्या तारखेला दोनशे पेट्या. दलालाची वही आणि बँक खातं मागवलं की उरलेलं उघड होतं. बाग खंडाने दिली होती असं म्हणणं असेल तर घेणाऱ्याला बोलवा. फवारणी, राखण, तोडणी, पेटीचा खोका आणि पेंढा हा खर्च वजा केलाय का ते बघा, कारण ढोबळ रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असलं तरी पगारदाराच्या विवरणपत्रात ते दाखवलेलं असायला हवं. छाप्याच्या तारखेनंतर सुधारित विवरणपत्र भरलं असेल तर ते बचावाच्या नाही, आपल्या कामाचं. शेवटी महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधल्या नियम १९ खाली त्याने कार्यालयाला दिलेली मत्ता विवरणं. तिथे बाग आहे का?

घराच्या मूल्यांकनात उलटा धोका आहे. बांधकाम विभागाचा अभियंता दहा वर्षांपूर्वीच्या जांभ्याच्या घराला आजचा दर लावतो, रक्कम फुगते, आणि बचाव एवढ्या एका चुकीवरून सगळा तक्ता पाडायला बघतो. दर बांधकामाच्या वर्षाचाच हवा. आपला आकडा थोडा लहान झाला तरी चालेल.

फसवणुकीत इथे दोन जाती. पहिली ठेवींची: पतसंस्था, दामदुप्पट योजना, पिग्मी. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात शिक्षा सहा वर्षांपर्यंतच आहे. त्याचं खरं बळ जप्तीत आहे. शासनाचा जप्ती आदेश निघाला की उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी तीस दिवसांत विशेष न्यायालयात तो कायम करायला अर्ज करतो. मधल्या काळात काय घडतं ते महत्त्वाचं. आदेश निघाला, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद गेली नाही, आणि जमीन मेहुण्याच्या नावावर झाली. म्हणून आदेशाची प्रत त्याच दिवशी तहसीलदार आणि दुय्यम निबंधकाकडे पोहोचवून पोच घेणं हे वकिलानेच मागे लागून करून घ्यावं. जप्त मालमत्ता कमी पडत असेल तर किंमत न देता ज्याच्या नावावर गेली त्याच्यापर्यंत एमपीआयडीचं कलम ८ पोहोचतं. पिग्मीच्या प्रकरणात एजंटाचं मशीन आणि ठेवीदाराचं पासबुक ताडून बघा. संस्थेच्या खतावणीत रक्कम आलीच नसेल तर आरोपी संचालक नव्हे, एजंट असतो, आणि हे दोषारोपपत्रानंतर कळणं फार महागात पडतं. सहकारी संस्थेत लेखापरीक्षकाची फिर्याद असेल तर निबंधकाची परवानगी आणि कालावधीनिहाय अपहाराचा तक्ता जोडलाय का ते पाहावं. 'एकूण अपहार अमुक कोटी' एवढ्यावर दोषारोप ठेवता येत नाही.

दुसरी जमिनीची. चाकरमानी मुंबईत, जमीन गावात, आणि मधे बनावट कुलमुखत्यारपत्र. महामार्ग ६६ च्या भूसंपादनापासून मोबदल्याच्या वाटपातही हेच, मयत खातेदाराच्या अंगठ्याचं संमतीपत्र. इथे नियम एकच: मूळ कागद. हस्ताक्षर तज्ज्ञ झेरॉक्सवर मत देत नाही, आणि दुय्यम निबंधकाकडचा मूळ दस्त, अंगठ्यांचे ठसे आणि फोटो वेळेत ताब्यात घेतले नाहीत तर पुढे सगळं तोंडी राहतं.

निकाल विरोधात गेला तर शासनाच्या अपिलाला नव्वद दिवस असतात. त्यातले बरेच दिवस प्रस्ताव रत्नागिरीतून मंत्रालयात जाण्यातच जातात. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकायचा. प्रस्तावाला साक्षीपुरावा, निशाण्या, मंजुरी आदेश आणि ध्वनिफितीचं लिप्यंतर जोडायचं, आणि मत दोन पानांत लिहायचं: कोणता पुरावा कोर्टाने वाचला नाही, कोणता वाचून चुकीचा लावला. 'निकाल कायद्याला धरून नाही' अशा ओळीवर विधी विभाग अपील करत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. रायगडची मुंबईलाच. जुन्या साच्यातल्या प्रस्तावावर अजून मुंबईच्या सरकारी वकिलांचा पत्ता असतो, तेवढा बदलून घ्या.